उसाच्या रसाच्या समुद्रापलीकडे

नागपुरात एखाद्या घरी सत्यनारायण असो की वास्तुशांत, गुरुजी यजमानाच्या हातावर पळीभर पाणी सोडतात आणि संकल्प सांगतात. संकल्पात आधी काळ येतो, मग ठिकाण. ठिकाण सांगताना सुरुवात बेटापासून होते: मेरूच्या दक्षिणेला, जंबुद्वीपात, भरतवर्षात, दंडकारण्यात, गोदावरीच्या उत्तर तीरावर. दोन्ही बाजूंचा समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरातला माणूस पूजेला बसला की बेटावरचा रहिवासी होतो. कल्पनेतले बेट आणि त्यावरचा समाज रचण्याची परंपरा मराठी घरात इतकी जुनी आहे की ती परंपरा आहे हेही लक्षात येत नाही.

जंबुद्वीप हे सात बेटांपैकी पहिले. विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात सातांचीही नावे आहेत: जंबू, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक आणि पुष्कर. बांगडीभोवती बांगडी असावी तशी ही बेटे एकाभोवती एक आहेत, आणि दोन बेटांच्या मध्ये समुद्र आहे. पहिला समुद्र खारा, दुसरा उसाच्या रसाचा, मग मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि शेवटचा गोड्या पाण्याचा. जंबुद्वीपाचा विस्तार एक लाख योजने, आणि पुढचे प्रत्येक बेट आधीच्याच्या दुप्पट. या हिशेबाने सातवे पुष्करद्वीप ६४ लाख योजनांचे होते. भागवत पुराणात समुद्रांच्या जन्माची गोष्टही आहे. राजा प्रियव्रताने रथात बसून मेरूला सात फेऱ्या घातल्या, रथाच्या चाकोऱ्या जमिनीत खोल रुतल्या आणि त्यांत पाणी भरून सात समुद्र झाले. मग त्याने आपल्या सात मुलांना एकेक बेट वाटून दिले.

दह्यादुधाच्या समुद्रांची वर्णने वाचून पुष्कळ जण पुस्तक मिटतात. खरे वाचण्यासारखे त्यापुढे आहे. पुराणकार प्रत्येक बेटाचे पर्वत, नद्या आणि प्रदेश मोजून देतो, आणि नंतर तिथल्या माणसांकडे वळतो. प्लक्षद्वीपातली माणसे पाच हजार वर्षे जगतात, त्यांना रोग होत नाहीत. तिथे चार वर्ण आहेत, पण त्यांची नावे इथली नाहीत. पुढच्या बेटांवरही वर्ण चारच, नावे मात्र दर बेटावर वेगळी. शाकद्वीपातल्या पहिल्या वर्णाचे नाव मग. सूर्याची पूजा करणाऱ्या शाकद्वीपी ब्राह्मणांची परंपरा त्याच नावाशी जोडली जाते. सहा बेटे ओलांडून पुष्करद्वीपावर आले की चित्र एकदम बदलते. तिथे माणसे दहा हजार वर्षे जगतात. वर्ण नाहीत, आश्रम नाहीत, कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही. तीन वेदांची विद्या नाही, शेती-व्यापार नाही, दंडनीती नाही, कोणी कोणाची सेवा करत नाही. अन्न आपोआप समोर येते.

हे वर्णन फार मोलाचे आहे. वर्णांची उतरंड गृहीत धरणाऱ्या समाजात बसून कोणीतरी लिहिले की पृथ्वीच्या शेवटच्या बेटावर ही उतरंड नाही. लिहिताना त्याने राज्यसंस्था, व्यापार आणि चाकरी या तिन्ही गोष्टीही एकत्रच वजा केल्या. यातली एक काढली तर बाकीच्या उभ्या राहत नाहीत, हे त्याला कळले होते. मात्र हे सगळे वजा झाल्यावर पोट कसे भरायचे, हा प्रश्न उरतो. त्याला त्याच्याजवळ एकच उत्तर होते, आपोआप येणारे अन्न. कल्पनेतल्या कोणत्याही देशाची परीक्षा याच ठिकाणी होते: तिथे काम कोण करते?

त्याच पुराणात आणखी एक विधान आहे. भरतवर्ष ही कर्मभूमी, बाकीच्या भोगभूमी. म्हणून देवांनाही इथे जन्म हवासा वाटतो. रोग नसलेली बेटे रचून झाल्यावर पुराणकार पुन्हा घराकडे पाहतो आणि जिथे माणसाला काही करता येते तीच जागा श्रेष्ठ ठरवतो.

या बेटांना भूगोलात बसवण्याचा प्रयत्नही झाला. ज्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणी लिहिला. पृथ्वी गोल आहे हे त्यांना ठाऊक होते आणि पुराणांची सात बेटेही समोर होती. गोलाध्यायात त्यांनी खाऱ्या समुद्राच्या उत्तरेचा अर्धा गोल जंबुद्वीपाला दिला आणि उरलेली सहा बेटे, सहा समुद्रांसह, दक्षिणेच्या अर्ध्या गोलात ठेवली. ज्या भागाची कोणाला माहिती नव्हती तिथे कल्पनेतले देश ठेवायचे, हा नियम पुढे युरोपातल्या लेखकांनीही पाळला.

बौद्ध परंपरेत बेटे चार आहेत. मेरूच्या दक्षिणेला जंबुदीप, पूर्वेला पुब्बविदेह, पश्चिमेला अपरगोयान आणि उत्तरेला उत्तरकुरू. दीघनिकायातल्या आटानाटिय सुत्तात उत्तरकुरूचे वर्णन येते. तिथली माणसे बी पेरत नाहीत, नांगर धरत नाहीत. न नांगरलेल्या जमिनीत कोंडा-तूस नसलेला सुवासिक तांदूळ पिकतो. ‘माझे’ म्हणावे असे कोणाजवळ काही नाही. खाजगी मालकी नसलेल्या समाजाचे इतके स्वच्छ आणि इतके जुने चित्र जगाच्या वाङ्मयात फार थोडे सापडेल. अंगुत्तरनिकायात दोन बेटांची तुलनाही आहे. ममत्व नसणे, परिग्रह नसणे आणि ठरलेले आयुष्य या तीन बाबतींत उत्तरकुरूची माणसे वरचढ. शौर्य, स्मृती म्हणजे सजगता, आणि ब्रह्मचर्याचे आचरण या तीन बाबतींत जंबुदीपाची. पुराणकाराचा आणि या सुत्ताचा रस्ता वेगळा, पण दोघेही शेवटी उणिवांच्या देशात परत येतात.

जैन ग्रंथांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांच्या भोगभूमीत दहा प्रकारचे कल्पवृक्ष अन्न, वस्त्र, भांडी, दिवे सगळे पुरवतात. मुले जुळी जन्मतात, एक मुलगा आणि एक मुलगी. राजा नाही, कारागीर नाही. पुढे काळ पालटतो, कल्पवृक्ष आटू लागतात आणि माणसे भांडू लागतात. तेव्हा ऋषभदेव त्यांना तलवार, लेखणी, शेती, विद्या, व्यापार आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवतात. समाज टंचाईतून जन्मतो, हे तत्त्व इथे गोष्टीच्या रूपात सांगितले आहे. बेटावरचा देश रचणाऱ्या आजच्या लेखकालाही याहून चांगली सुरुवात सापडणार नाही.

युरोपात या प्रकाराला ज्या नावाने ओळखतात ते नाव थॉमस मोर यांच्या पुस्तकाने दिले. ‘युटोपिया’ १५१६ साली लॅटिनमध्ये छापले गेले. ग्रीक शब्दांपासून बनवलेल्या या नावाचा अर्थ ‘नसलेली जागा’. चंद्रकोरीच्या आकाराचे हे बेट मुळात बेट नव्हते. युटोपस नावाच्या राजाने ते जिंकले आणि मुख्य भूमीशी जोडणारी जमीन खणून पंधरा मैल रुंदीचा समुद्र आत घेतला. बेट तयार करण्याचे काम जिंकलेल्या लोकांबरोबर राजाने आपल्या सैनिकांनाही लावले. देशात ५४ शहरे, सगळ्यांची भाषा आणि कायदे एक. घरांना कुलपे नाहीत, आणि दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरे बदलायची. दिवसाला काम सहा तास, ते स्त्रिया-पुरुष सगळ्यांनी करायचे. सोन्याची किंमत मनातून उतरावी म्हणून सोन्याची शौचपात्रे आणि गुलामांच्या बेड्या बनवलेल्या.

गुलाम हा शब्द इथे आलाच. मोर यांनी सहा तासांचा हिशेब मांडला, रिकामटेकड्या श्रीमंतांना कामाला लावले, पण घाणीचे आणि कत्तलीचे काम गुलामांकडे दिले. त्यांच्या रचनेतली ही सर्वांत दुखरी जागा आहे. मराठी वाचकाला ती चटकन दिसते, कारण कोणते काम कोणाच्या वाट्याला, हा इथला जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे.

बंगालमधल्या रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा लिहिली. तिच्यातल्या देशात पुरुष घराच्या आत आणि स्त्रिया बाहेर. स्त्रियांनी ढगांतून थेट पाणी घेण्याची आणि सूर्याची उष्णता साठवण्याची विद्या शोधली आहे, त्या उष्णतेने त्यांनी लढाईही जिंकली आहे. कचेरीचे काम दोन तासांत उरकते. रुकैयांनी कामाचा प्रश्न कल्पवृक्षावर सोडला नाही की गुलामांवरही नाही. तो विज्ञानाकडे नेला.

मराठीत याच जातीचे लेखन काशीबाई कानिटकर यांनी केले. सांगली जिल्ह्यातल्या आष्टा येथे १८६१ साली जन्मलेल्या काशीबाई लग्नानंतर, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या विरोधाला तोंड देत वाचायला शिकल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिणाऱ्या याच. त्यांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी १९२८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात बेट नाही, संस्थान आहे. ब्रिटिश अमलातल्या मराठी लेखिकेला भोवतालापासून तुटलेला, स्वतःचे कायदे असलेला छोटा मुलूख हवा असेल तर संस्थान हेच तिचे बेट होते. राणीच्या हाती सत्ता येते आणि स्त्रियांचे शिक्षण व स्त्रियांना कारभारात जागा या मार्गाने राज्य बदलत जाते. काशीबाईंच्या या कादंबरीला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळाली नाही. मीरा कोसंबी यांनी आपल्या अभ्यासातून ती पुन्हा वाचकांसमोर आणली.

पाण्याने वेढलेली नसली तरी आणखी दोन राज्ये इथे घ्यावीच लागतात. संत रविदासांचे बेगमपुरा हे दुःख नसलेले शहर. तिथे कर नाही, भीती नाही, दुय्यम-तिय्यम दर्जाचा नागरिक नाही, आणि हवे तिथे फिरायला कोणाची आडकाठी नाही. फिरण्याची मोकळीक हा तपशील ज्याला गावात वाट नाकारली गेली आहे त्यालाच सुचू शकतो. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला आयुष्य घालवलेल्या गेल ऑमवेट यांनी २००८ साली ‘सीकिंग बेगमपुरा’ हे पुस्तक लिहून जातिविरोधी विचारवंतांच्या अशा स्वप्नराज्यांचा माग काढला.

दुसरे राज्य बळीचे. दिवाळीत ओवाळताना मराठी बाई इडापिडा टळो आणि बळीचे राज्य येवो असे म्हणते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त या एका घरगुती वाक्यावरून आख्खे राज्य उभे केले. त्यांनी कोणत्याही नव्या देवाचे नाव घेतले नाही. खंडोबा म्हणजे बळीच्या राज्यातल्या खंडाचा अधिकारी, म्हसोबा म्हणजे महासुभा, अशी त्यांनी शेंदूर फासलेल्या दगडांतून कारभाराची यंत्रणा वाचून काढली. इतिहास म्हणून ही मांडणी वादाची आहे. पण देश कसा रचावा याचा तो उत्तम धडा आहे: लोकांच्या तोंडात आधीच असलेले शब्द घ्यावेत आणि त्यांना कामाला लावावे. शिवाय बळीच्या राज्यात अन्न आपोआप येत नाही. तो शेतकऱ्यांचा राजा आहे, तिथे नांगर चालतो.

हे सगळे पाहून आज कोणी नवे बेट रचायला बसला, तर त्याने राज्यघटनेच्या आधी पाण्याची सोय पाहावी. बेटाच्या मधोमध डोंगररांग असेल आणि वारा एका बाजूने पाऊस आणत असेल, तर दुसरी बाजू कोरडी राहणारच. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास. ओल्या बाजूला भात, फणस, दाट वस्ती. कोरड्या बाजूला ज्वारी-बाजरी, मेंढ्या, वर्षातून काही महिने स्थलांतर. दोन बाजूंची लग्ने होतात का, कोरड्या बाजूची मुले ओल्या बाजूला मजुरीला जातात का, धरण बांधले तर कालवा कोणाच्या शेतात जातो: समाज या प्रश्नांतून आकार घेतो. ज्या बेटाला डोंगरच नाही तिथली गोष्ट आणखी वेगळी. लक्षद्वीपसारख्या प्रवाळ बेटांवर नदी नसते. वाळूखाली साठलेले पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. विहिरीतून उपसा जास्त झाला की खारे पाणी वर येते. अशा बेटावर विहिरीचा कायदा राजाच्या कायद्याहून मोठा असणार.

लक्षद्वीपमधलेच मिनिकॉय हे याचे जिवंत उदाहरण. तिथले पुरुष पिढ्यान् पिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून गेले, महिनोन् महिने, कधी वर्षे परतले नाहीत. घर, नारळ आणि गावकी बायकांच्या हाती राहिली, आणि वंश आईकडून चालत आला. स्त्रीराज्याची कल्पना नवनाथांच्या कथांत मच्छिंद्रनाथाला भुलवणाऱ्या मायेसारखी येते. समुद्रात मात्र तिला साधे कारण आहे: मिळकत बेटाबाहेर आहे आणि ती आणायला अर्धी वस्ती बाहेर गेली आहे. नवा देश रचणाऱ्याने प्रत्येक रिवाजामागे असे एखादे कारण ठेवले, तर वाचक त्याच्यावर विश्वास ठेवतो.

लोकसंख्येचेही तसेच. पाचशे माणसांच्या बेटावर दोन-तीन पिढ्यांत सगळे एकमेकांचे नातलग होतात, म्हणजे सोयरीक कुठे करायची याचे कडक नियम लागतात, किंवा बाहेरून येणाऱ्या नावेची वाट पाहावी लागते. पाचशे माणसांना चलनी नोटा लागत नाहीत, कोण कोणाचे देणे लागतो हे सगळ्यांना पाठ असते. पाच लाखांना मात्र मोजमाप, हिशेबनीस, तुरुंग आणि शाळा लागतात. भाषेत कोणत्या गोष्टीला किती शब्द आहेत, यावरूनही तिथले जगणे कळते. मराठीत आत्या, मावशी, काकू आणि मामी वेगळ्या आहेत, कारण त्यांचे हक्क आणि त्यांच्याकडून असलेल्या अपेक्षा वेगळ्या आहेत. ज्या बेटावर या चौघींना एकच शब्द असेल, तिथली वाटणी आणि वारसाही निराळाच असणार.

वाचकाला तिथवर नेण्यासाठी वाट लागते. मोर यांनी त्यासाठी परत आलेला दर्यावर्दी योजला. या बाबतीत सर्वांत नेटके उदाहरण नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष रामगिरीवर वर्षभराची शिक्षा भोगतो आहे. हा रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत नागपूरचे पंडित वासुदेव विष्णू मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा आधार घेऊन नेटाने मांडले. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ऋद्धपूर ताम्रपटात रामगिरीच्या स्वामींच्या चरणांचा उल्लेख आहे. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शांता शेळके अशा अनेकांनी हे काव्य मराठीत आणले.

यक्ष ढगाला जी वाट सांगतो ती नकाशावर बोट ठेवून तपासता येते. आम्रकूट, विंध्याच्या पायथ्याशी पसरलेली नर्मदा, विदिशा, थोडी वाकडी वाट करून उज्जयिनी, मग कुरुक्षेत्र, कनखल, हिमालय. प्रत्येक टप्प्यावर खरी झाडे, खरी पिके, नांगरलेल्या मातीचा वास. इतका वेळ खऱ्या भूमीवरून नेल्यावर कवी ढगाला कैलासाच्या उतारावरच्या अलका नगरीत उतरवतो, आणि वाचकाला सीमा ओलांडल्याचे कळतही नाही. अलकेत सहाही ऋतूंची फुले एकाच वेळी उमलतात. वस्त्रे, मद्य, दागिने, पायाला लावायचा लाक्षारस सगळे एकटा कल्पवृक्ष देतो. तारुण्याशिवाय दुसरे वय नाही, आनंदाशिवाय दुसऱ्या कारणाने डोळ्यांत पाणी येत नाही.

पण या नगरीत कुबेर नावाचा धनी आहे आणि यक्ष त्याचा चाकर आहे. कामात कुचराई झाली म्हणून त्याला बायकोपासून तोडून दूर दक्षिणेतल्या डोंगरावर पाठवले आहे. पुष्करद्वीपातून पुराणकाराने जी चाकरी आणि जो दंड वगळला, ते दोन्ही कालिदासाने अलकेत ठेवले, आणि सगळे काव्य त्यांतूनच निघाले. शिक्षेची मुदतही मराठी पंचांगात सापडते. आषाढाच्या पहिल्या दिवशी यक्षाला ढग दिसतो. विष्णू शेषशय्येवरून उठेल त्या दिवशी, म्हणजे कार्तिकी एकादशीला, शाप संपणार आहे. मधले चार महिने त्याला रामटेकवर काढायचे आहेत.